तबकडीचे सोवळे

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. पुण्याच्या एका सुखवस्तू गृहस्थांनी मला गाणे ऐकायला बोलावले. गाणारे कोणी येणार नव्हते. गाणे तबकडीवरचे होते. "मास्तर, या एकदा. खरे गाणे ऐकवतो," असे त्यांनी फोनवर सांगितले, आणि 'खरे' ह्या शब्दावर असा जोर दिला की, आजवर मी ऐकले ते सारे खोटेच होते की काय, अशी मला शंका आली.

गेलो. दिवाणखान्यात पाच-सहा मंडळी आधीच मांडी ठोकून बसली होती. यजमानांनी हात धुतले, कोरडे केले, कपाटातून तबकडी काढली. कडेला आणि मधल्या कागदाला तेवढा स्पर्श. खाचांना बोट लागता कामा नये. मग मखमली ब्रश फिरला. मग सुईवरची धूळ एका इवल्याशा कुंचल्याने निघाली. शाळिग्रामाला स्नान घालताना आमचे आजोबाही इतके सावध नसत. यंत्राची किंमत माझ्या सहा महिन्यांच्या पगाराएवढी आहे, ही माहिती शेजारच्या गृहस्थांनी माझ्या कानात सांगितली. किशोरीताई आमोणकरांचा भूप लागला. 'सहेला रे' सुरू झाले आणि, खोटे कशाला बोलू, अंगावर काटा आला.

बाजू संपली, चहा आला. मी भाबडेपणाने बोलून गेलो, "हाच भूप माझ्याकडे सीडीवर आहे. तिथेही असाच काटा येतो."

एकादशीच्या स्वयंपाकघरात कोणी कांदा चिरायला घ्यावा तशी शांतता पसरली. यजमानांनी कप खाली ठेवला आणि ते माझी समजूत घालण्याच्या स्वरात म्हणाले, "सीडीवर भूप नसतो हो, मास्तर. सीडीवर आकडे असतात." मंडळी हसली. मीही हसलो. रात्रीच्या गाडीने मिरजेला परतताना मात्र डोळ्याला डोळा लागला नाही. राग आला होता. तो सगळाच त्यांचा नव्हता, निम्मा माझा स्वतःचा होता. त्याचे कारण पुढे सांगणार आहे. आधी त्यांच्या वाट्याचा राग त्यांच्या पदरात घालतो.

मी शाळामास्तर आहे. दोन-चार कादंबऱ्या लिहिल्या आहेत, त्या मोजक्या लोकांनी वाचल्या आहेत. मॅट्रिकच्या पुढे माझे शिक्षण गेले नाही; तेव्हा ध्वनिशास्त्रावर अधिकारवाणीने बोलण्याचा आव मी आणणार नाही. परंतु हा हिशेब पाचवीतल्या मुलाला समजावता येईल इतका सोपा आहे, आणि पाचवीतल्या मुलांना समजावणे हाच माझा धंदा आहे.

सीडीवर आकडे असतात, हे खरे. आवाजाच्या तरंगाची उंची सेकंदाला ४४,१०० वेळा मोजून ती तिथे नोंदलेली असते. आमचे तबकडीभक्त विचारतात, दोन मोजमापांच्या मधला सूर कोठे गेला? प्रश्न बिनतोड वाटतो. पण नायक्विस्टने १९२८ साली आणि शॅननने १९४९ साली मांडलेले गणित असे सांगते की, टिपायच्या कंपनसंख्येच्या दुपटीहून अधिक वेळा मोजमाप घेतले की मधल्या तरंगाला दुसरा आकार घ्यायला वावच उरत नाही. तो होता तसाच्या तसा पुन्हा उभा राहतो. जिने नाहीत, फटी नाहीत. माणसाचा कान ऐन तारुण्यात फार तर २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो, आणि वय वाढेल तशी ती मर्यादा खाली येते. त्या दिवाणखान्यात चाळिशीच्या आतले कोणीही नव्हते. फटींतून निसटलेला सूर ज्यांना ऐकू आला म्हणे, त्यांच्यातल्या दोघांना मी दोनदा बोललेले ऐकू येत नव्हते.

दुसरा आक्षेप आपल्याकडचा, खास घरगुती. "आमच्या संगीतात श्रुती असतात. त्या सीडीत सापडत नाहीत." वास्तविक गोष्ट अगदी उलट आहे. सीडीचे मोजमाप स्फटिकाच्या घड्याळावर चालते. त्यातला षड्ज तासभर हलत नाही. तबकडीचे भोक केसभर मध्यबिंदूपासून सरकलेले असले की दर फेऱ्याला सूर वर जातो आणि खाली येतो. तंबोरा झोपाळ्यावर बसवल्यासारखा वाजतो. गाणाऱ्याने कधी न घेतलेली मींड आपण ऐकतो आणि "वाहवा" म्हणतो. श्रुतींची इतकी चाड असेल, तर तबकडीवर बसून ती सांगू नये.

तिसरा आक्षेप, 'ऊब'. तबकडीच्या आवाजात ऊब असते. ही ऊब मलाही जाणवते आणि आवडते. पण ती कोठून येते? खाच कापताना खर्जाची बाजू दाबून आणि वरची बाजू चढवून कापतात, आणि वाजवताना यंत्र ती उलटी करून पूर्ववत करते. असे केले नाही तर खर्जाच्या धक्क्याने सुई शेजारच्या खाचेत जाईल. ह्या उलटसुलट प्रवासात, सुईच्या घासण्यात, यंत्राच्या घरघरीत जे काही थोडे बदलते आणि मिसळते, त्याला आपण ऊब म्हणतो. चुलीवरच्या भाकरीला धुराचा वास असतो. तो कोणाला आवडतो, त्यात गैर काही नाही. पण तो वास ज्वारीचा आहे असे म्हणू नये. किशोरीताईंच्या गळ्यातली ऊब किशोरीताईंची आहे. ती तबकडीच्या खाती जमा करणे ही अफरातफर झाली.

चौथी गोष्ट कोणीच बोलत नाही, आणि आपल्या गाण्याच्या दृष्टीने ती सर्वांत महत्त्वाची. लाँगप्ले तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, मग सुई कडेला असो वा आत. कडेचा फेरा मोठा, आतला लहान. म्हणून कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते, आणि लेबलाजवळ जेमतेम २१. तेवढ्याच ताना निम्म्याहून कमी जागेत कोंबाव्या लागतात. तिथे सूर खरखरतात, 'स' फुटतो. आता आपला ख्याल कसा चालतो पाहा. आरंभी संथ आलाप, शेवटी द्रुत आणि तानांची बरसात. म्हणजे जिथे जागा ऐसपैस तिथे विलंबित, आणि जिथे गर्दी तिथे तानबाजी! आपल्या गाण्याचा कळस हा तबकडीच्या सर्वांत वाईट जागी येतो. जणू आमच्या घराण्यांना विचारून, नेमके त्यांच्या उलट, हे यंत्र बनवले आहे.

आणि पाचवी. आज बाजारात नव्या कोऱ्या म्हणून ज्या तबकड्या येतात, त्यांतील बहुतेक आकड्यांवरूनच कापलेल्या असतात. सोवळ्यातल्या भक्ताला तो नैवेद्य चालतो. फक्त तो कोणत्या चुलीवर शिजला हे त्याला सांगायचे नसते. २०२२ साली अमेरिकेत उघडकीला आले की, केवळ जुन्या पद्धतीने घडवलेल्या समजून रसिकांनी चढ्या भावाने घेतलेल्या कित्येक तबकड्यांच्या घडणीत मध्येच आकड्यांची पायरी होती, आणि ती एक-दोन नव्हे, दहाएक वर्षे होती. त्या काळात आकड्यांचा वास येतो अशी तक्रार ह्या तीक्ष्ण कानांपैकी कोणी केली नाही. उलट 'खऱ्या' आवाजाचा नमुना म्हणून त्याच तबकड्या मिरवल्या जात होत्या. त्याच वर्षी अमेरिकेत नगांच्या हिशेबाने तबकड्यांनी सीडींना मागे टाकले; १९८७ नंतर प्रथमच. धंदा तेजीत आहे. सोवळे विकले जाते आहे.

इतके झोडपल्यावर न्यायाची गोष्टही केली पाहिजे. लाँगप्ले तबकडीने आम्हांला एक वळण लावले, ते सीडीने मोडले आणि मोबाइलने तर पुसून टाकले. वीस-बावीस मिनिटांची बाजू संपेपर्यंत माणूस एका जागी बसत असे. उठून बाजू उलटावी लागे. तेवढ्या वेळात ऐकलेले मुरत असे. हातभर लांबी-रुंदीच्या वेष्टनावर रागाची, घराण्याची माहिती असे, साथीदारांची नावे असत. सीडीच्या वेष्टनावर गायकाचे छायाचित्र मोठे आणि तबलजी गायब. ध्वनिमुद्रण कोणत्या साली, कोणत्या गावी झाले, त्याचा पत्ता नाही.

सीडी काढणाऱ्या कंपन्यांची पापे ह्याहून मोठी आहेत. जुन्या तबकड्यांची खरखर काढताना त्यांनी अनेकदा तंबोराही काढून टाकला. गायक उघड्या माळावर गातो आहे असे वाटते. शिवाय त्या जुन्या तबकड्यांना आपण सरसकट ७८ फेऱ्यांच्या म्हणतो, पण आरंभीच्या काळात हा वेग कोणी काटेकोरपणे पाळत नसे. ७३-७४ फेऱ्यांवर कापलेली तबकडी ७८ वर वाजवली की सूर पुरा अर्धा स्वर चढतो. पांढरी चारचा गवई काळी तीनमध्ये गातो, लय धावते, गळा बारीक होतो. ते तसेच सीडीवर चढले, आणि त्यावरून आम्ही त्या पिढीच्या आवाजाबद्दल सिद्धान्त मांडत बसलो. तबकडीभक्त म्हणतात, "बघा, सीडी वाईट!" अहो, पण ह्यात सीडीचा काय दोष? तिच्यात जे घातले ते तिने इमानाने जपले. चुकीचे घातले तर तेही जपले.

म्हणून माझे म्हणणे असे की, तबकडी श्रेष्ठ की सीडी, हा वादच मुळी पोकळ आहे. दोन्ही भांडी आहेत. एक पितळी, एक स्टीलचे. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत ह्या भांड्यांनी आमच्या गाण्याचे काय केले आणि आम्ही ह्या भांड्यांचे काय केले, हा खरा वाद आहे. आणि त्यात आम्हा संग्राहकांची बाजू फार लंगडी आहे.

थोडे मागे जाऊ. १९०२ साली फ्रेड गेझबर्ग कलकत्त्याला आला आणि गौहरजानच्या तबकड्या निघाल्या. तीन मिनिटांत, साडेतीन मिनिटांत ख्याल. शेवटी ती स्वतःचे नाव इंग्रजीत सांगते; कारण मुद्रण इथले, पण १९०८ साली कलकत्त्यात कारखाना निघेपर्यंत तबकडी घडायची ती जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कारागिराला कळावे की ही कोणाची. लाखेची, दगडाच्या भुकटीची ती काळी ठिसूळ थाळी. तिच्यात मावावे म्हणून लोकांनी राग कापला, बंदिश कापली. काही जणांनी ते करण्याचे नाकारले किंवा त्यांच्याकडून ते झाले नाही. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले, तबकडी नाही. अल्लादिया खाँसाहेब नव्वदी गाठून १९४६ साली गेले. ग्रामोफोन आपल्याकडे येऊन चव्वेचाळीस वर्षे लोटली होती. त्यांचीही तबकडी नाही. कारणे काहीही असोत, परिणाम एकच. त्यांचे गाणे कसे होते हे आज आपण शिष्यांच्या गळ्यावरून आणि म्हाताऱ्या माणसांच्या आठवणींवरून ताडतो. 

उलट आमच्या मिरजेचे अब्दुल करीम खाँ पाहा. त्यांनी तीन मिनिटांची अट मान्य केली आणि त्या तीन मिनिटांत झिंझोटी उभी केली. १९३७ साली ते गेले. त्याच्या चार वर्षे आधी, १९३३ साली, गदगच्या एका अकरा वर्षांच्या मुलाने दुकानात लागलेली खाँसाहेबांची तबकडी ऐकली, आणि असे गाता आले पाहिजे म्हणून तो घर सोडून गुरूच्या शोधात निघाला. तो मुलगा म्हणजे भीमसेन जोशी. ही हकीकत ते स्वतः सांगत असत.

ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो, पण तिच्यातली मुख्य गोष्ट विसरतो. ती तबकडी त्या मुलाच्या मालकीची नव्हती. दुकानदाराने ती लावली होती आणि आवाज रस्त्यावर येत होता. यंत्र चावीचे असेल, कर्णा पत्र्याचा असेल, सुई बोथट असेल, वेगाचा तर भरवसाच नाही. पुण्याच्या आमच्या यजमानांनी तो आवाज एक मिनिट सोसला नसता. पण त्या आवाजाने भीमसेन जोशी घडवला. तो दुकानदार हात धुऊन, दार लावून, निवडक मंडळींना घेऊन ऐकत बसला असता, तर?

आता माझ्या वाट्याचा राग.

सांगलीच्या गावभागात एक वयस्क गृहस्थ राहत. त्यांना मी आप्पा म्हणतो. त्यांच्याकडे बाराशे जुन्या तबकड्या होत्या. सरकारी नोकरीतल्या पगारातून, मुंबईच्या चोरबाजारात चकरा मारून, नाटकवाल्यांच्या वारसांकडे खेटे घालून जमवलेल्या. मी मिरजेहून सायकलवर त्यांच्याकडे जात असे. आप्पा ऐकवत, पण मोजून. दिवसाला चार बाजू. कारण प्रत्येक वेळी वाजवताना खाच झिजते. हा तबकडीचा स्वभावच आहे. ऐकणे म्हणजे झिजवणे. म्हणून ज्याचे तबकडीवर खरे प्रेम, तो ती लावत नाही. प्रेम असे वाढत जाते की शेवटी कपाट उघडणेच बंद होते.

२००६ साली आप्पांची दृष्टी अधू झाली. अंथरुणावर पडून ऐकता यावे म्हणून त्यांनी आवडत्या चाळीस तबकड्या सीडीवर उतरवून द्यायला मला सांगितले. तीन रविवार खपून मी त्या पाच सीडींत बसवल्या. एक संच त्यांना, एक मला. पण एका अटीवर. "मास्तर, हे चार भिंतींबाहेर जाता कामा नये. उद्या कोणीही उठून म्हणेल, माझ्याकडेही आहे." मी शब्द दिला. शब्द देताना, अशी वस्तू आता आपल्याजवळ आहे आणि दुसऱ्या कोणाजवळ नाही, ह्याचा मला गुदगुल्या झाल्यासारखा आनंद झाला, हे लपवत नाही.

२०१३ साली माझ्या वर्गात मिरजेच्या सतारमेकर गल्लीतला एक मुलगा होता. बाप तंबोरे करणारा. पणजोबा सारंगिये, एका गायिकेला त्यांनी तबकडीत साथ केल्याचे घरात सांगत. ती गायिका आता कोणाच्या स्मरणात नाही. तबकडीवर पणजोबांचे नाव नव्हते; साथीदाराचे नाव छापण्याची तेव्हा रीत नव्हती. मी बोलता बोलता वर्गात त्या गायिकेचे नाव घेतले आणि मुलगा मधल्या सुट्टीत माझ्यापाशी आला. "सर, ती रेकॉर्ड तुमच्याकडे आहे?"

मी त्याला आप्पांकडे पाठवले. आप्पांनी त्याला पाणी दिले, तबकडीचे पाकीट लांबून दाखवले आणि सांगितले, "ही आता वाजवायची नाही." तो परत माझ्याकडे आला. "सर, एकदाच. मी फोनवर घेतो." ती तबकडी माझ्या तिसऱ्या सीडीवर होती. माझ्या घरात, कपाटात, हाताच्या अंतरावर. मी म्हणालो, "आप्पांना शब्द दिला आहे रे." पोराने मान डोलावली. मास्तरांनी शब्द पाळावा, हे त्याला मीच शिकवले होते.

२०१७ साली आप्पा गेले. मुलगा परगावी; घराला कुलूप. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला आणि सांगलीच्या गावभागात पाणी शिरले. पाणी उतरल्यावर आम्ही काही मास्तर आणि मुले गाळ उपसायला गेलो. आप्पांच्या माजघरात कपाट आडवे पडले होते. पाकिटांचा लगदा झाला होता. लेबले विरघळून गेली होती. बाराशे तबकड्या, एकीवरही नाव नाही. उचलायला गेलो तर एकमेकींना चिकटलेल्या, सोडवायला गेलो तर तुटत होत्या. मुले पाटी भरभरून बाहेर टाकत होती. आप्पांचा सीडींचा संचही त्याच गाळात होता.

त्या रात्री घरी येऊन मी माझा संच काढला. तेरा वर्षांत तो किती वेळा लावला असेन? पाच-सहा वेळा. आपल्याकडे आहे एवढे पुरेसे होते. पहिली सीडी लागली. दुसरी लागली. तिसरी आत गेली, फिरली, घरघरली आणि थांबली. यंत्राने दाखवले, 'नो डिस्क'. पुसून पाहिली, दुसऱ्या यंत्रात घातली, ओळखीच्या दुकानात नेली. घरी उतरवलेल्या सीडीवरचा रंगाचा थर काळाने खराब होतो, असे तिथल्या पोराने मला सहज सांगितले. कारखान्यात ठशाने घडलेली सीडी त्यामानाने टिकते. ही टिकत नाही.

तेव्हा तबकडी गेली आणि सीडीही गेली. कोणते भांडे श्रेष्ठ, ह्याचा निकाल मला अशा रीतीने मिळाला. तो मुलगा आता पंचविशीत आहे, बापाच्या गादीवर बसून तंबोरे करतो. गेल्या वर्षी माझ्या तंबोऱ्याची जवारी लावायला आला होता, तेव्हा मी त्याला सगळे सांगितले. तो भोपळ्याला कान लावून तार छेडत होता. कान न काढता म्हणाला, "जाऊ द्या, सर." त्याच्या फोनवर २०१३ साली ती चार मिनिटे गेली असती, तर आज ती त्याच्या भावाकडे असती, चुलत्यांकडे असती, सारंगी शिकणाऱ्या कोणा परक्या पोराकडे असती. कृष्णेला एवढ्या घरांत शिरता आले नसते.

सीडीचा, किंवा मोठ्या अर्थाने आकड्यांचा, जो एकमेव निर्विवाद मोठेपणा आहे, तो आवाजातला नाहीच. फितीवरून फीत उतरवली की प्रत येईल तसतशी खरखर वाढते. तबकडी वाजवाल तशी झिजते. आकड्यांची प्रत मात्र मुळाइतकीच खरी असते. शंभरावी प्रतही पहिलीइतकीच. दिल्याने कमी होत नाही अशी वस्तू म्हणून आपण आजवर फक्त विद्येचे नाव घेत होतो. आता ध्वनिमुद्रण त्या पंगतीला येऊन बसले आहे. ते जो देत नाही, त्याच्याजवळ कोणते समर्थन उरले? जुन्या खाँसाहेबांना निदान आपली विद्या चोरीला जाईल अशी भीती होती, आणि विद्या त्यांची होती. आमचे काय चोरीला जाणार? गाणे आमचे नाही, वाजवणे आमचे नाही. आमची फक्त पावती आहे.

"कायदा आड येतो," असे कोणी म्हणेल. भारतात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षांनी संपतो. लाखेच्या तबकड्यांचा जवळजवळ सगळा साठा त्यातून केव्हाच मोकळा झाला आहे. "जाणकाराशिवाय कोणाला द्यायचे नाही," असे दुसरा म्हणेल. जाणकार ऐकण्याआधी होतो की ऐकून? "सगळे आता इंटरनेटवर आहे," असे तिसरा म्हणेल. जे आहे ते कोणीतरी कपाट उघडले म्हणून आहे, आणि उद्या ते तिथे असेलच असे नाही. मुंबईत १९९० साली तबकडी-संग्राहकांची सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था निघाली. संग्राहकांनी एकत्र येऊन ऐकावे, ऐकवावे, सूची कराव्या, नियतकालिक काढावे, ही वाट तिने घालून दिली. वाट आहे, चालणारे थोडे, आणि कुलपे फार.

माझे पुण्याचे यजमान शेवटचा हुकमाचा पत्ता म्हणून म्हणाले होते, "नासाने अवकाशात काय पाठवले? तबकडीच ना?" पाठवली. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी गेली, आणि तिच्यात केसरबाई केरकरांची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. ज्या अल्लादिया खाँचा एक सूर आपल्याजवळ नाही, त्यांची ही शिष्या. पहिले व्हॉयेजर ५ सप्टेंबरला सुटले आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. सीडी बाजारात आली ती १९८२ साली. तेव्हा नासाला सीडी पाठवणे शक्यच नव्हते, हे असो. पण त्या तबकडीबरोबर आणखी काय पाठवले आहे, हे यजमान विसरले. सुई पाठवली आहे. आणि वेष्टनावर, ती कोणत्या वेगाने, कशी वाजवायची, ह्याच्या खुणा कोरल्या आहेत. कोणाला सापडेल, त्याला कान असतील की नाही, हे ठाऊक नसताना. त्याने आधी हात धुवावेत अशी अट घातलेली नाही. आणि आम्ही सतारमेकर गल्लीतल्या पोराला, ज्याच्या पणजोबांची सारंगी त्या खाचेत होती, पाकीट लांबून दाखवले.

माझे उरलेले काही सांगतो. आप्पांच्या दोन सीडी वाचल्या, म्हणजे सोळा तबकड्या. माझ्या स्वतःच्या दीडशे लाँगप्ले आणि चारशे सीडी आहेत. गेल्या वर्षभरात त्यांतले जुने, कायद्याने मोकळे झालेले सगळे संगणकावर उतरवले. वेग तपासून, खरखर तशीच ठेवून, वेष्टनावरचा मजकूर शब्दशः टिपून. दर रविवारी सकाळी नऊ ते बारा आमच्या शाळेची चित्रकलेची खोली मी उघडी ठेवतो. खिडक्याही उघड्या असतात; रस्त्यावर आवाज जातो. कोणीही यावे, बसावे, हवे ते घेऊन जावे. येताना पेन ड्राइव्ह आणावा. हात धुण्याची गरज नाही.